लिंबाला पाजलेलं औषध

आमच्या दवाखान्याच्या दारात एक कडुलिंबाचं झाड होतं. बहात्तरच्या दुष्काळात गावातले बाकीचे लिंब वाळून खराटा झाले, हे एक हिरवंगार राहिलं. काहून राहणार न्हाई? त्याला रोज औषध होतं ना! पोट फुगल्याचं गुलाबी, हगवणीचं पांढरं, खोकल्याचं काळं, सगळं त्याच्या बुडात. इतकं औषध गावातल्या एखाद्या माणसानं घेतलं असतं तर तो आजपण कुस्ती खेळला असता.

हे औषध बनवायचे माझे मालक. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण माणूस जाऊन कैक वर्सं झाली, आता कसली लाज. पुंजाजी त्यांचं नाव. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. मी चांगुणा, त्याच दवाखान्यात अर्ध्या दिवसाची बाई. म्हणजे झाडलोट करायची, डॉक्टर बायांना तपासताना जवळ उभं राहायचं, अन् कोणा बाईला एनिमा द्यायचा असला तर तो द्यायचा. गावाचं नाव सांगत न्हाई. जवळा बाजारापासून चार कोस, एवढं बास. नाव सांगितलं तर ज्यांची ही गोष्ट हाय त्यांची नातवंडं मोटरसायकली घेऊन माझ्या दारात येतील अन् म्हणतील, आज्जे, आमच्या घराण्याची अब्रू काढून राहिली का? अब्रू! ती तुमच्या आजीनं कुठं ठेवली होती ते पण सांगते पुढं.

पुंजाजींचा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन सालानंतर आमी बौद्ध झालो अन् ते काम सुटलं. पण पुंजाजी त्याच्या आधीच घरातून पळाले होते. हिंगोलीला एका मुसलमान डॉक्टरकडं बाटल्या धुवायला राहिले. डॉक्टर निजामाच्या वेळचा, म्हातारा, भयंकर तापट. पण पुंजाजींच्या हातचं पाणी प्यायचा, चहा प्यायचा, आजारी पडला तेव्हा पेजपण त्यांच्याच हातची प्यायला. त्यानं त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. एक, "दवा में पानी बराबर नापो." दुसरी, "मरीज की बात दवाखाने में दफन." पहिल्या गोष्टीनं ते चांगले कंपाउंडर झाले. दुसरीनं आमचं वाटोळं झालं.

काम मात्र बघण्यासारखं होतं हो त्यांचं. लोक घरून बाटल्या आणायचे, कोणाची तेलाची, कोणाची सरबताची, एकानं तर दारूची आणली होती. पुंजाजी ती उकळत्या पाण्यातून काढायचे, उलटी ठेवायचे, मगच औषध भरायचे. मग कागदाची लांब पट्टी कात्रीनं कातरून, डोसाच्या खुणा पाडून, खळीनं बाटलीला चिकटवायची. रांगेत माणसं ताटकळली तरी पट्टी वाकडी चालायची न्हाई. देताना म्हणायचे, "हलवून घ्या बरं का." मला म्हणायचे, "दुनियेत तकलीफी दोनच हायत चांगुणा. एकाची थांबत न्हाई अन् एकाला होत न्हाई. बाकी सगळं यातच आलं." थांबत न्हाई त्याला खडूचं पांढरं औषध अन् हगवणीच्या गोळ्या. होत न्हाई त्याला जुलाबाचं मीठ, न्हाईतर एरंडेल. आमच्या पोरांना तर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एरंडेल ठरलेलं. नाक दाबायचे, चमचा आत, वरून गुळाचा खडा. त्या दिवशी आमच्या वस्तीतली दुसऱ्यांची पोरंपण आमच्या घरावरून जायची न्हाईत, आपल्यालाबी धरतील म्हणून.

आता लिंबाचं सांगते. वरल्या आळीची माणसं दवाखान्यात यायची. डॉक्टरसमोर हात जोडायची, पुंजाजींच्या हातातून बाटली घ्यायची. हातातून म्हणजे टेबलावर ठेवलेली उचलायची. बाहेर पडली की लिंबाखाली थांबायची, बूच काढायची अन् औषध भडाभडा बुडाशी ओतून द्यायची. गोळ्या तेवढ्या कनवटीला लावून घरी न्यायची. कारण काय, तर गोळी सुकी. सुक्याला विटाळ न्हाई. पातळ औषध म्हणजे त्यात पाणी आलं, अन् पाणी पुंजाजींच्या हातचं. ते कसं प्यायचं? रिकामी बाटली घरी नेऊन घासलेटाला वापरायची. पट्टी तशीच त्याच्यावर.

हे सगळं खिडकीतून आमाला दिसायचं. पुंजाजी बघायचे अन् पुढच्या माणसाची पट्टी कातरायला लागायचे. माझं डोकं फिरायचं. म्या म्हणायचं, "झाडाला दिवसातून किती वेळा घ्यायला सांगितलंय?" तर हसायचे. म्हणायचे, "आज ओततात, उद्या पितील. पट्टी तर नेली की घरी." असला माणूस! एखाद्यानं तोंडावर थुंकलं असतं तरी हे म्हणले असते, थुंकीत कफ हाय बरं का तुमच्या, गोळी घ्या. डॉक्टर आमचे पुण्याकडचे. त्यांनापण सगळं ठाऊक होतं. त्यांनी वरल्या आळीला नुसत्या गोळ्याच लिहायला सुरुवात केली. कोणाला दुखवायला नको. पुंजाजी तेवढे दुखावले तर चालायचे.

आता या वरल्या आळीतलं सगळ्यात मोठं घर नरसिंगरावाचं. त्यांची आई रुक्माबाई, सगळा गाव त्यांना मोठ्याबाई म्हणायचा. सोवळं असं की आमची सावली अंगणात पडली तर शेणसडा घालायच्या. अन् या मोठ्याबाईला होत नसे. आठ-आठ दिवस न्हाई. पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. एरंडेल झालं, सोनामुखी झाली, हिरडा झाला, कशानं दाद न्हाई. मग पंधरा दिवसांनी एकदा दुपारी, डॉक्टर जेवायला गेले की, डोक्यावरून पदर घेऊन मागच्या दारानं माझ्याकडं यायच्या. मी साबणाचं कोमट पाणी करायची, डबा खिळ्याला अडकवायची, नळी लावायची. ते पाणी कोणाच्या हातचं? माझ्या. डबा कोणी धुतलेला? म्या. रबरी नळीला तेल कोणी लावलं? म्याच की.

एकदा न राहवून विचारलं, "मोठ्याबाई, माझं पाणी तोंडानं घेतलं की बाट अन् हिकडून घेतलं की इलाज, हे कसं काय?" कुशीवर पडल्या पडल्याच म्हणल्या, "ते काय पोटात राहतं व्हय गं? बाहेरच येतंय की." मी हसले. तेव्हा हसूच आलं. आज आठवलं की त्या नळीनं गळा आवळावासा वाटतो.

त्यांना का होत न्हाई ते मला दुसऱ्याच खेपेला कळलं. लुगडं सैल करताना कनवटीतून तपकिरीची डबी खाली पडली अन् उघडली. आत तपकीर नव्हती. काळी, चिकट, उग्र वासाची अफू. नवऱ्यानं लावलेली सवय, नवरा गेला, सवय राहिली. रोज बाजरीच्या दाण्याएवढी गोळी. अफू आतड्याला बांधून टाकते, हे दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईलापण ठाऊक असतं. त्यांनी माझं मनगट धरलं. आपण होऊन धरलं! म्हणल्या, "तुझ्या लेकरांची शपथ चांगुणे. माझ्या नरसिंगाला कळलं तर घरात ठेवायचा न्हाई मला." म्या पुंजाजींना सांगितलं न्हाई. मरीज की बात दवाखाने में दफन. नवऱ्याचीच शिकवण, नवऱ्यावरच चालवली.

एकोणऐंशी साली आखाडात साथ आली. नदीचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं अन् घराघरात हगवण अन् ओकाऱ्या. त्याच्या आधी दोन महिने पुंजाजी नांदेडला एका शिबिराला जाऊन आले होते. आले ते वेगळेच होऊन आले. म्हणले, "चांगुणा, इतकी वर्सं आमी उलटंच करून राहिलो. हगवणीनं माणूस मरत न्हाई, वाळून मरतो. पाणी तोडायचं न्हाई, पाणी पाजायचं! तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. घोट घोट पाजत राहायचं. बास." माझा विश्वास बसेना. आमच्या आया-आज्यांनी हगवणीला पाणी तोडलेलं. पण आमच्या वस्तीत त्यांनी घरोघर फिरून पाजलं. वस्तीत त्या साथीत एक म्हातारा गेला, लेकरू एकपण गेलं न्हाई. तांड्यावरचा भावसिंग बायकोला, नानीबाईला, गाडीत घालून घेऊन आला. बाटलीकडं बघून म्हणला, "आधी तू पी." पुंजाजींनी अर्धा पेला पिऊन दाखवला. उरलेला भावसिंगनं बायकोला पाजला. तिसऱ्या दिवशी नानीबाई शेतात.

साथ भरात असताना डॉक्टर सुट्टी न टाकताच सासरवाडीला निघून गेले. अन् एका सकाळी नरसिंगरावाचा गडी पळत आला. "कंपाउंडर, चला. नामूला हगवण लागलीय."

नामू म्हणजे रुक्माबाईचा नातू. तीन पोरींच्या पाठीवर, नरसीला जाऊन नामदेवाला नवस करून झालेला. अडीच वर्सांचा. गोरा, गुबगुबीत, दवाखान्यासमोरून जाताना पुंजाजींना बघून "कंपांडल" म्हणून ओरडायचा अन् आजीचा फटका खायचा. पुंजाजींनी घरूनच पाणी तयार करून बाटलीत भरलं. घाईतपण पट्टी चिकटवली, मूर्ख माणूस. अन् निघाले.

ते अंगणात उभे राहिले, ओसरीच्या खाली. पोरगं पहाटेपासून तीस वेळा गेलं होतं. डोळे खोल, ओठ पापुद्रा आलेले. "पानी, पानी" करून राहिलं होतं. त्याची आई पंचफुला त्याला मांडीवर घेऊन बसली होती अन् सासूकडं बघत होती. रुक्माबाईनं पाणी तोडलेलं. पुंजाजींच्या डोळ्यांदेखत ते लेकरू मांडीवरून घसरलं, रांगत रांगत रांजणापाशी गेलं अन् रांजणाला बाहेरून जी ओल असते ना, ती जिभेनं चाटायला लागलं. आजीनं बखोट धरून ओढून आणलं.

पुंजाजींनी हात जोडले. म्हणले, "मोठ्याबाई, पाणी तोडू नका. पाणीच औषध हाय याला. ही बाटली घ्या, चमच्या-चमच्यानं पाजा."

"बाटलीत काय हाय?"

"साखर, मीठ अन् उकळलेलं पाणी."

"म्हणजे तुझंच पाणी की रे पुंज्या."

"मग तुमी तुमच्या घरात करा. तुमच्या विहिरीचं, तुमच्या हातानं. मी हात लावत न्हाई. मी इथून सांगतो, सूनबाई करतील."

पंचफुला उठायला लागली. रुक्माबाई म्हणल्या, "बस खाली." अन् पुंजाजींना म्हणल्या, "मीठ-साखर आमच्या घरात न्हाई व्हय? त्याला औषध म्हणतात का? सरकार तुला पगार काय साखरपाणी सांगायला देतं? गोळ्या दे."

बघा आता. घरचं पाणी पाजायचं तर ते औषध न्हाई. दवाखान्याचं औषध पाजायचं तर ते आमचं पाणी. दोन्हीकडून लेकराचं तोंड शिवून टाकलं. नरसिंगराव तिथंच उभा होता, मिशीला पीळ देत. म्हणला, "आई म्हणते ते दे ना बाबा, वाद काहून घालतो?" पुंजाजींनी हगवणीच्या चार गोळ्या दिल्या, अर्धी अर्धी करून द्या म्हणले, बाटली ओसरीच्या कडेला ठेवली. वेशीच्या वळणावरून मागं बघितलं तर गडी बाटली उकिरड्यावर ओतत होता.

दुपारी पुन्हा गेले. तर घरात आनंदीआनंद. हगवण थांबली होती! नामू झोपला होता. नरसिंगराव पहिल्यांदाच हसून बोलला, "पुंजाजी, गोळी लागू पडली बरं का तुमची." पुंज्याचे पुंजाजी झाले, तेपण त्याच दिवशी. पुंजाजींनी खालूनच विचारलं, "लघवी झाली का? हाक मारली तर ओ देतो का?" रुक्माबाई फिसकारल्या, "कितीतरी वेळानं लेकरू निजलं अन् हा म्हणतो उठवा. जा घरी."

घरी आले ते जेवले न्हाईत. म्हणले, "चांगुणा, अर्ध्या गोळीनं एवढ्यात हगवण थांबत न्हाई. अन् या गोळीनं झोप तर येतच न्हाई. कशानं निजलं असेल?"

मी भाकरी थापत होते. माझा हात थांबला. मला त्याच क्षणी कळलं. तपकिरीची डबी डोळ्यांपुढं आली.

अन् मी बोलले न्हाई. ऐका, लपवत न्हाई मी काही. शपथ घातली होती हे खरं, पण शपथेपायी न्हाई. माझ्या मनात आलं, बाटली ओतली ना उकिरड्यावर? ओता. पंधरा वर्सं ओतली ना? आता भोगा. असं आलं माझ्या मनात, एका अडीच वर्सांच्या लेकराच्या बाबतीत, जे माझ्या नवऱ्याला कंपांडल म्हणायचं. दोन भाकरी थापून होईपर्यंत ते मनात राहिलं. तिसरी तव्यावर टाकली अन् माझी मलाच शिसारी आली. म्या म्हणलं, "अहो, म्हातारी अफू खाते. तिनंच दिली असणार."

ते जागचे असे उठले की ताट उडालं. दुसरी बाटली भरली, चमचा घेतला अन् पळाले. पन्नाशीला आलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून पळत होता. मी मागं. आख्खा गाव बघत होता. अन् त्या दिवशी पुंजाजींनी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. अंगणात थांबले न्हाईत. ओसरी चढले, उंबरा ओलांडला, माजघरात जाऊन नामूला उचलून मांडीवर घेतलं. पापणी वर करून बघितली. पोटावर हात ठेवला. पोट टरटरून फुगलेलं, सगळं आतच कोंडलेलं. ओरडले, "याला अफू कोणी दिली? हगवण थांबली न्हाई, आतच बंद केली तुमी! उठवा याला!" अन् चमच्यानं पाणी तोंडात घातलं. एक चमचा. गालावरून ओघळून बाहेर आलं.

रुक्माबाईनं अशी किंकाळी फोडली की शेजारपाजार धावला. "बाटवलं! माझं लेकरू बाटवलं! घरात घुसला!" पंचफुला तेवढी म्हणली, "आत्या, अफू म्हणजे? तुमी काय चाटवलं होतं त्याला?" तर सासूनं देवाकडं हात करून शपथ घेतली. "मधाचं बोट चाटवलं गं, दुसरं काही न्हाई." नरसिंगरावानं आईचं ऐकलं. पुंजाजींना ओढून अंगणात आणलं अन् बैलाच्या कासऱ्यानं मारलं. मारताना कोणाला विटाळ झाला न्हाई. मी आडवी पडले तर मलापण चार बसले. पुंजाजी मार खाता खाता म्हणत होते, "पाजा हो, कोणी तरी पाजा, मला मागाहून मारा."

दिवेलागणीला नामू गेला.

सकाळी गावभर एकच बोलणं. लेकरू बरं होऊन निजलं होतं, कंपाउंडरनं घरात घुसून काय पाजलं कोण जाणे, अन् ते मेलं. गोळीनं बरं केलं, पाण्यानं मारलं. डॉक्टर धावत परत आले. बिनरजेचे गेले होते, ते झाकायचं होतं. त्यांनी वर लिहून दिलं की माझी परवानगी न घेता कंपाउंडरनं औषध पाजलं. पुंजाजी निलंबित झाले अन् महिन्यानं चौकशीची तारीख लागली. त्या चौकशीत काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमी आशा लावून बसणार न्हाई. म्या साहेबाला अफूचं सांगितलं. साहेब म्हणला, "बाई, तुम्ही त्यांच्या पत्नी. पुरावा काय?" पुंजाजींची नोकरी गेली. मरेपर्यंत त्यांनी लोकांच्या शेतात मजुरी केली. एकदा म्या विचारलं, "राग येत न्हाई का हो तुमाला?" तर म्हणले, "चमचा आधी द्यायला पायजे होता. मी सकाळी काहून ओसरी चढलो न्हाई?" आख्खा जन्म त्या एका प्रश्नावर काढला त्या माणसानं.

तर चौकशीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दुपार होती. पुंजाजी घरी खाटेवर पडलेले, मी दवाखान्यात. माझी अर्ध्या दिवसाची नोकरी चालू होती. मागच्या दाराला टकटक झाली. उघडलं तर रुक्माबाई. नातू गेला, पण अफू सुटली नव्हती. उलट वाढली असणार, कारण चेहरा राखेचा अन् पोट गर्भारणीसारखं. अकरा दिवस झालेले. भिंतीला धरून उभ्या. म्हणल्या, "चांगुणे, मरते गं. लाव नळी."

म्या पाणी कोमट केलं. साबण विरघळवला. डबा खिळ्याला अडकवला. नळीला तेल लावलं. सगळं त्यांच्यापुढं मांडलं अन् हात बांधून उभी राहिले.

"लाव की गं!"

म्या म्हणलं, "मोठ्याबाई, परवा चौकशीला साहेब येऊन राहिलाय. त्याच्यापुढं येऊन सांगा, लेकराला अफू मी चाटवली. पुंजाजीनं चमचाभर साखरपाण्याबिगर काही पाजलं न्हाई. एवढं कबूल करा, मग लावते."

त्या रडायला लागल्या. खरं रडल्या, खोटं सांगत न्हाई. म्हणल्या, "म्या काय मारायला दिली व्हय गं? त्याची हगवण थांबावी म्हणून दिली. माझ्या काळजाचा तुकडा होता. पण हे नरसिंगाला कळलं तर? सून माझ्या तोंडात शेण घालेल. न्हाई गं, ते सोडून काहीपण सांग."

"काहीपण?"

"काहीपण. पण लाव लवकर."

कोपऱ्यात माझं मडकं होतं, माझ्या पिण्याचं. म्या पितळी पेला घेतला, मडक्यात बुडवला, बोटं बुडेपर्यंत बुडवला, अन् भरून त्यांच्या तोंडापुढं धरला. इतकी वर्सं मी त्यांना तुमी म्हणत आले होते. त्या दिवशी जीभच वळली न्हाई.

"पी," म्या म्हणलं. "एक तर खरं सांग, न्हाईतर हे पी."

मला वाटलं होतं, ती उठून जाईल. बुद्धाशप्पथ, मला तेच वाटलं होतं. मला बघायचं होतं की नातवाच्या जीवापेक्षा मोठा असलेला तो विटाळ केवढा हाय. वेदनेनं लोळेल, पण माझा पेला लाथाडेल, मग निदान मला एवढं तरी कळेल की लेकरू कशापायी मेलं.

तिनं माझ्या हातातून पेला ओढून घेतला. गटागटा प्यायली. सगळा. एक थेंब हनुवटीवर आला तो पदरानं पुसला, अन् कुशीवर वळली. "आता लाव."

एवढंच होतं ते. एवढंच! एका पेल्याचं काम होतं. तिला खरं बोलणं महाग पडत होतं, पाणी स्वस्त होतं. अन् तेच पाणी, साखर घातलेलं, महिन्याआधी ओसरीच्या कडेला बाटलीत ठेवलेलं होतं, वर कातरलेली पट्टी लावून.

म्या नळी लावली. नंतर तिला उठवलं, लुगडं नेसायला हात दिला. जाताना दारात थांबून तिनं मागं-पुढं बघितलं अन् हळूच म्हणली, "चांगुणे, पेल्याचं कोणाला सांगू नको हं. नाव बुडेल माझं."

म्या म्हणलं, "न्हाई सांगत. नामूलापण न्हाई सांगत."